प्रस्तावना: पथकामागची मोठी माणसं

१९०८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये एक पुस्तक पंधरवड्याच्या भागांनी निघू लागलं. नाव ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’, एका भागाची किंमत चार पेन्स. लेखक रॉबर्ट बेडन-पॉवेल हे ब्रिटिश लष्करातले नावाजलेले अधिकारी होते आणि त्यांनी वयाची पन्नाशी गाठली होती. मुलांसाठी तेव्हा काम करणाऱ्या बॉईज ब्रिगेडसारख्या संस्था या पुस्तकातलं उपयोगी पडेल ते उचलतील, एवढीच त्यांची अपेक्षा होती. झालं भलतंच. मुलांनी खाऊच्या पैशांतून ते भाग विकत घेतले, गल्लीतल्या पाच-सात जणांचे संघ केले, हातात काठ्या घेतल्या, आपल्यातलाच एक नायक निवडला आणि माळरानं तुडवायला सुरुवात केली. आपल्याला कोणी मोठं माणूस मिळतंय का, हे ती नंतर शोधू लागली. कुणी शाळेतल्या मास्तरांना गाठलं, कुणी चर्चच्या पाद्र्यांना, कुणी शेजारच्या तरुण कारकुनाला.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी मुलं, मग त्यांचा संघ, मग नायक आणि सगळ्यांत शेवटी मोठं माणूस. जगातल्या बहुतेक संस्था मोठ्यांनी मुलांसाठी काढल्या. इथे मुलांनी मोठ्यांना बोलावून घेतलं. पुढच्या शंभराहून अधिक वर्षांत स्काऊट-गाईड चळवळ जिथे जिथे जिवंत राहिली, तिथे हा क्रम टिकला होता आणि जिथे ती कवायतीपुरती उरली, तिथे तो उलटला होता, असं माझं मत आहे. हे पुस्तक त्या शेवटी येणाऱ्या मोठ्या माणसासाठी आहे: शाळेत स्काऊटचा कार्यभार अंगावर आलेल्या शिक्षकांसाठी, आपल्या मुलीबरोबर पथकाच्या सभेला येऊन तिथेच रमलेल्या आईसाठी, लहानपणी स्कार्फ घातलेल्या आणि आता शनिवारचे दोन तास देऊ इच्छिणाऱ्या बँकेतल्या कर्मचाऱ्यासाठी. गाठी, खुणा, तंबू, प्रथमोपचार यांची माहिती देणारी पुस्तकं आहेत आणि ती चांगली आहेत. मोठ्या माणसाने पथकात नेमकं काय करायचं आणि काय करायचं नाही, यावर मराठीत सविस्तर लिहिलेलं मला फारसं आढळलं नाही.

मुलांवर विसंबता येतं, ही बेडन-पॉवेल यांची खात्री एका युद्धात पक्की झाली. दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंग गावाला बोअर सैन्याने १८९९ ते १९०० असा २१७ दिवस वेढा घातला, तेव्हा गावातल्या मुलांची एक तुकडी निरोप पोचवणं, टेहळणी करणं अशी कामं करत होती. तिचा नायक गुडइयर नावाचा तेरा वर्षांचा मुलगा होता. मोठ्यांनी जबाबदारी खरोखर सोपवली की मुलं ती पेलतात, हे बेडन-पॉवेल यांनी तिथे पाहिलं. त्याच वेढ्यात गावातल्या आफ्रिकन रहिवाशांच्या वाट्याला आलेली उपासमार गोऱ्यांच्या वाट्याला आली नाही, हेही इतिहासात नोंदलेलं आहे आणि पथकातल्या मोठ्या मुलांना ते सांगायला हरकत नाही. संस्थापकाची पूजा बांधण्याची गरज नाही. त्यांच्या हाती लागलेली पद्धत मात्र समजून घ्यायला हवी.

ती पद्धत त्यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राऊनसी बेटावर पारखून पाहिली. वीसेक मुलं, त्यांतली काही ईटन आणि हॅरो अशा बड्या शाळांतली, काही बोर्नमथ आणि पूल इथल्या बॉईज ब्रिगेडमधली, म्हणजे साध्या कष्टकरी घरांतली. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही मुलं एका पंगतीला बसणं ही साधी गोष्ट नव्हती. त्यांचे चार संघ केले: लांडगे, बैल, कर्ल्यू पक्षी आणि डोमकावळे. प्रत्येक संघाचा तंबू वेगळा, नायक वेगळा. आठवडाभर मुलांनी माग काढले, आग पेटवली, बोटी चालवल्या आणि रात्री शेकोटीभोवती गोष्टी ऐकल्या. मोठी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

आपल्याकडे ही चळवळ आली ती गोऱ्यांच्या मुलांपुरती. १९०९ मध्ये बंगळूरला पहिलं पथक निघालं, १९११ मध्ये जबलपूरला गाईड मुलींचं. भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. दरवाजा बंद होता म्हणून काही मोठ्या माणसांनी स्वतःची घरं बांधली. १९१७ मध्ये मद्रासला ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी भारतीय मुलांसाठी संघटना काढली. अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. मेळ्यांतली गर्दी सांभाळणं, हरवलेल्यांना पोचवणं, रोगराईत आणि पुरात मदत करणं ही तिची कामं होती. नागपूरचे विव्हियन बोस हे तेव्हाच्या मध्य प्रांतात वर्षानुवर्षं स्काऊटांबरोबर राबले. वकिली, न्यायाधीशपद, पुढे सर्वोच्च न्यायालय, एवढ्या व्यापात त्यांनी हे काम सोडलं नाही आणि भारत स्काऊट्स आणि गाईड्सचे ते राष्ट्रीय आयुक्तही झाले. “वेळ मिळत नाही हो” असं कुणी म्हणालं की मला बोस यांची आठवण होते. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना एकत्र आल्या. ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गाईड मुलींची संघटनाही तिच्यात सामील झाली. मुलामुलींची एकच राष्ट्रीय संघटना आपण इतक्या लवकर केली, ही अभिमानाची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्सनी मुलींना कब आणि स्काऊट विभागांत घेतलं ते अगदी अलीकडे.

आता आजच्या महाराष्ट्राकडे येतो. इथे स्काऊट-गाईड म्हणजे प्रामुख्याने शाळेतलं पथक. शाळेबाहेरची खुली पथकं आहेत, पण थोडी. म्हणून पथकाचा नेता बहुतेक वेळा शिक्षक असतो आणि हे काम त्याने मागून घेतलेलं असतंच असं नाही. मुख्याध्यापक वेळापत्रक वाटताना एक रकाना रिकामा दिसतो आणि नव्याने लागलेल्या तरुण शिक्षकाच्या नावापुढे “स्काऊट” असं लिहिलं जातं. त्याच्यावर आधीच परीक्षा, सर्वेक्षण, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामं असतात. अशा शिक्षकांना मी दोष देणार नाही. त्यांच्यातल्याच कित्येकांनी, कुणी विचारत नसताना, सुट्टीच्या दिवशी मुलांना डोंगरावर नेलं आहे आणि स्वतःच्या खिशातून तंबूचे दोर आणले आहेत. अडचण व्यवस्थेची आहे. नेमून दिलेलं काम दाखवता यावं लागतं आणि दाखवण्यासारखं काय, तर संचलन. म्हणून २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आधी पथक जागं होतं, गणवेश इस्त्री होऊन येतो, पाहुण्यांना मानवंदना दिली जाते आणि त्यानंतर स्कार्फ कपाटात जातात.

‘खरी कमाई’ हा उपक्रम आपल्या शाळांतल्या प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. मुलांनी स्वतःच्या मेहनतीने चार पैसे मिळवावेत आणि ते कसे मिळतात, कसे खर्चावेत हे शिकावं, ही त्यामागची कल्पना. बऱ्याच शाळांत त्या दिवशी पटांगणात खाद्यपदार्थांचे स्टॉल लागतात: भेळ, वडापाव, इडली, सरबत. कल्पना उत्तम आहे. आता त्याच्या आदल्या रात्री घराघरांत काय चालतं ते पाहा. बटाटे आईने उकडलेले असतात, चटणी आजीने वाटलेली असते, साहित्याचे पैसे बाबांनी दिलेले असतात आणि मुलाने उभं राहून डिशा पुढे केलेल्या असतात. संध्याकाळी गल्ला मोजला जातो, टाळ्या पडतात. साहित्याला किती गेले आणि हाती किती उरले, हे मुलाला सांगता येत नाही, कारण ते पैसे त्याचे नव्हतेच.

हाच उपक्रम दुसऱ्या तऱ्हेनेही होतो, आणि तो पाहिला की मन भरून येतं. संघाने तीन आठवडे आधी बसून ठरवलं की आपण काय विकायचं. एका मुलीने वाण्याकडे जाऊन मुरमुऱ्यांचा भाव काढला. दुसरीने लिंबू मंडईत स्वस्त पडतं की दारावर, हे पाहिलं. भांडवल म्हणून पथकाच्या निधीतून उसने पैसे घेतले, वहीत लिहिले. काकडी किती चिरायची याचा अंदाज चुकला, शेवटी भेळ उरली, ती अर्ध्या भावात काढली. हिशेब केला तेव्हा नफा थोडाच निघाला. ते पैसे कशाला वापरायचे यावर संघात वाद झाला आणि मतं मोजली गेली. या सगळ्यात गाईड कॅप्टनने, म्हणजे मुलींच्या पथकाच्या नेत्या असलेल्या बाईंनी, काय केलं? भाव काढायला वेळ मिळेल अशी तारीख ठरवली. उसनवारीची वही करून ठेवली. सुरी हाताळताना लक्ष ठेवलं. पालकांना आधीच निरोप धाडला की कृपा करून घरून तयार पदार्थ देऊ नका. बाकी वेळ ती गप्प होती. दोन्ही शाळांच्या अहवालात “खरी कमाई उपक्रम उत्साहात पार पडला” हे एकच वाक्य येतं. फरक त्या बाईंच्या तयारीत आणि गप्प राहण्यात होता आणि अहवालात तो मावत नाही.

या पुस्तकाचा मोठा भाग संघपद्धतीला दिला आहे, तो याच कारणाने. सहा ते आठ मुलांचा एक संघ, तीन-चार संघांचं पथक. संघाचा नायक त्यांच्यातलाच, त्याला मदतीला उपनायक. संघाला स्वतःचा कोपरा, स्वतःचं निशाण, स्वतःची कामवाटणी: कुणी कोठी सांभाळतो, कुणी हिशेब, कुणी प्रथमोपचाराची पेटी. संघनायकांची मानसभा पथकाचे निर्णय घेते आणि मोठं माणूस तिथे सल्ला देण्यापुरतं बसतं. ही गोष्ट रोलंड फिलिप्स या तरुणाने १९१४ मध्ये एका छोट्या पुस्तकात नीट मांडली. पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत तो स्काऊटांचं काम करत होता. दोन वर्षांनी सोमच्या लढाईत तो मारला गेला, पण संघपद्धती स्काऊटिंगच्या अनेक पद्धतींपैकी एक नसून हीच ती पद्धत आहे, हा त्याचा आग्रह चळवळीत कायमचा राहिला.

कागदावर हे कुणालाही पटतं. जमिनीवर फार कठीण जातं. शिबिरातली पहिली संध्याकाळ घ्या. संघाने तीन दगडांची चूल मांडली आहे, सरपण दमट निघालं आहे, फुंकून फुंकून डोळे लाल झाले आहेत. शेवटी जाळ धरला, पातेल्यात डाळ-तांदूळ पडले, पाणी कमी पडलं. खिचडी तळाला लागल्याचा वास दहा पावलांवर उभ्या असलेल्या तुम्हाला येतो. मुलांना येत नाही, कारण मीठ घातलं की नाही यावर त्यांची जुंपली आहे. तुमचे पाय आपोआप चुलीकडे वळतात. तुम्ही झाकण उघडून पेलाभर पाणी ओतलंत, तर खिचडी वाचेल, मुलं खूश होतील आणि “सर होते म्हणून झालं” असं म्हणतील. दुसऱ्या दिवशीही ती तुमची वाट पाहतील. तुम्ही जागेवर थांबलात, तर आज मुलं करपलेली खिचडी खातील, एकमेकांना बोल लावतील, संघनायकाचा चेहरा उतरेल. रात्री तुम्ही त्याच्याशेजारी बसून एवढंच विचारायचं, “उद्या पाण्यावर लक्ष कोण ठेवेल?” उत्तर तो शोधतो. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी एकाची नेमणूक झालेली असते आणि ती नेमणूक त्याने केलेली असते.

थांबणं म्हणजे काही न करणं, असा अर्थ कुणी काढू नये. थांबण्यासाठी आधी खूप काम करावं लागतं. शिबिराची जागा पाहून ठेवायची, पाणी पिण्याजोगं आहे का, जवळचा दवाखाना कुठे, पाऊस आला तर मुलं कुठे झोपतील, कुणाला दमा आहे, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कोण रात्री घाबरतं, हे सगळं तुमच्या डोक्यात पक्कं असेल तरच तुम्ही चुलीपासून दहा पावलं दूर शांतपणे उभे राहू शकता. ज्याची तयारी कच्ची असते तो नेता सतत ओरडत असतो. आणि काही ठिकाणी थांबायचं नसतंच: आग पसरत असेल, पाणी खोल असेल, कोयता चुकीच्या हातात असेल, मूल आजारी असेल, कुणी कुणाला छळत असेल. तिथे क्षणाचाही विचार न करता मधे पडायचं. कुठे थांबायचं आणि कुठे धावायचं, ही हद्द ओळखणं हेच या कामाचं कौशल्य. त्यावर या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे आणि सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान ते वाचावं.

पाण्याविषयी मी विशेष कळकळीने लिहिलं आहे. १९१२ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या वॉलवर्थ भागातल्या एका पथकाची बोट लेसडाऊनच्या किनाऱ्याजवळ उलटली. आठ स्काऊट आणि त्यांच्यासोबतचा आणखी एक मुलगा बुडाले. सोबत मोठी माणसं होती, त्यांनी जिवाची पर्वा न करता मुलांना वाचवायची धडपड केली, तरी वादळी वाऱ्यापुढे इलाज चालला नाही. आपल्याकडे समुद्र, धरणांचे जलाशय, विहिरी, खाणींतली साचलेली तळी आणि पावसाळ्यातले ओढे आहेत. पोहायला येतं असं सांगणाऱ्या मुलाला खरंच येतं की मित्रांसमोर सांगायचं म्हणून सांगतोय, हे काठावर उभं राहून कळत नाही. ज्या पाण्याची खोली स्वतः तपासलेली नाही, त्यात मुलांना उतरवायचं नाही. या नियमाला सवलत नाही. मुलं हिरमुसली तरी चालतील.

दुसरा धोका बोलायला अवघड आहे, म्हणून त्यावर बोललंच पाहिजे. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येक क्षेत्रात मुलांचा गैरफायदा घेणारी माणसंही शिरतात आणि स्काऊटिंग त्याला अपवाद राहिलेलं नाही. अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्सनी संशयित मोठ्यांच्या गुप्त याद्या अनेक दशकं जवळ ठेवल्या. त्यांतल्या १९६५ ते १९८५ या काळातल्या हजारावर फायली न्यायालयाच्या आदेशाने २०१२ मध्ये लोकांसमोर आल्या. कितीतरी प्रकरणं पोलिसांपर्यंत पोचलीच नव्हती. २०२० मध्ये त्या संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा अत्याचाराचे ८२,००० हून अधिक दावे दाखल झाले. संस्थेचं नाव जपण्यासाठी मुलांना वाऱ्यावर सोडलं की काय होतं, याचं याहून भयंकर उदाहरण मला माहीत नाही. म्हणून काही नियम पाळायचेच. एकटं मोठं माणूस आणि एकटं मूल, असा प्रसंग कधीही येऊ द्यायचा नाही. प्रत्येक सभेला, सहलीला, शिबिराला किमान दोन जबाबदार मोठी माणसं हवीत आणि मुली असतील तर त्यांत स्त्री हवीच. मोठ्यांचे आणि मुलांचे तंबू वेगळे असतील. मुलांशी खासगी संदेशांची देवाणघेवाण होणार नाही, जे सांगायचं ते पालक असलेल्या गटावर सांगितलं जाईल. आणि मुलाने काही सांगितलं, तर “असं बोलू नये” म्हणून त्याला गप्प करायचं नाही. आपल्या देशात २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना देण्याची जबाबदारी आहे. “आमच्या शाळेत असं काही होत नाही” हे वाक्य जिथे मोठ्याने म्हटलं जातं, तिथे मला जास्त काळजी वाटते.

पुरस्कारांविषयी थोडक्यात. प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार अशी आपली चढण आहे आणि ती विचारपूर्वक आखलेली आहे. दहावी-बारावीला मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांमुळे पालकांचं लक्ष या चढणीकडे वळलं, हे चांगलंही झालं आणि वाईटही. चांगलं अशासाठी की पालक मुलांना शिबिराला सोडू लागले. वाईट अशासाठी की मधल्या पायऱ्या कागदावर चढवण्याचा मोह वाढला. ज्या मुलाने प्रथमोपचाराची चाचणी खरोखर दिलेली नाही, त्याच्या वहीत सही करणं ही त्या मुलाशी आणि उद्या रस्त्यावर त्याच्यासमोर जखमी होऊन पडणाऱ्या माणसाशी केलेली फसवणूक आहे. सही तुमची असते.

मोठ्यांच्या प्रशिक्षणाची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत देखणी वाटते. १९१९ मध्ये स्कॉटिश उद्योजक विल्यम मॅकलॅरन यांच्या देणगीतून लंडनजवळचं गिलवेल पार्क घेतलं गेलं आणि त्याच सप्टेंबरमध्ये तिथे स्काऊट मास्तरांचा पहिला वर्ग भरला. या वर्गाची रीत अशी की शिकायला आलेल्या मोठ्यांनी स्वतः मुलांसारखं संघात राहायचं. कुणी डॉक्टर, कुणी कारकून, कुणी लष्करी अधिकारी. सगळ्यांनी आळीपाळीने भांडी घासायची, नायकाचं ऐकायचं, आपली चूल आपण पेटवायची. वर्ग पुरा करणाऱ्याला चामड्याच्या दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी मिळत. पहिले मणी बेडन-पॉवेल यांनी आफ्रिकेतून आणलेल्या एका माळेतले होते. ती माळ झुलू प्रमुख डिनिझुलूची होती, असं परंपरा सांगते. आपल्याकडे हेच प्रशिक्षण बेसिक, ॲडव्हान्स्ड आणि मग हिमालय वुड बॅज अशा टप्प्यांनी होतं. पचमढीचं राष्ट्रीय केंद्र १९५६ पासून हे काम करतं आहे. साताठ दिवस घर सोडून, पन्नाशीच्या वयात, अनोळखी माणसांसोबत तंबूत राहायला पुष्कळांचं मन घेत नाही. पण नायकाचं ऐकणं किती अवघड असतं आणि न विचारता कुणी आपली चूल नीट करून दिली की किती राग येतो, हे स्वतः अनुभवल्याशिवाय मुलांच्या चुलीपासून दूर राहता येत नाही. हा वर्ग चुकवू नका, एवढं मी आग्रहाने सांगेन.

कब आणि बुलबुल, म्हणजे दहा वर्षांच्या आतली मुलं, यांचं जग निराळं आहे. कबांच्या नेत्याला जगभर ‘अकेला’ म्हणतात. रड्यार्ड किपलिंग यांच्या ‘जंगल बुक’मधल्या लांडग्यांच्या म्होरक्याचं हे नाव, आणि ती कथा घडते ते शिवनीचं जंगल नागपूरच्या उत्तरेला अगदी जवळ आहे. विदर्भातल्या कबांना मोगलीची गोष्ट सांगताना ती परदेशातून आल्यासारखी सांगू नये, पेंचच्या वाटेवरची म्हणून सांगावी. या वयाच्या मुलांना गोष्ट, खेळ आणि गाणं लागतं. संघाची शिस्त आणि मतमोजणी त्यांच्यावर लादू नये. रोव्हर आणि रेंजर हा तरुणांचा विभाग मात्र आपल्याकडे फार दुबळा आहे. शाळा संपली की पथक संपतं, मुलगा कॉलेजात जातो, मुलगी दुसऱ्या गावी जाते आणि सात वर्षं घडवलेला नायक हातातून निसटतो. उद्याचे स्काऊट मास्तर आणि गाईड कॅप्टन याच वयातून यायचे आहेत. दहावी झालेल्या प्रत्येक संघनायकाला पुढच्या जूनमध्ये पथकात मदतीला बोलवा. सगळे येणार नाहीत. जे येतील ते पुरेसे असतील.

गाईड मुलींच्या नेत्यांसाठी एक जागा मुद्दाम सांगतो. पुण्यात आळंदी रस्त्याजवळ ‘संगम’ नावाचं केंद्र आहे. जगभरच्या गाईड्सच्या मोजक्या जागतिक केंद्रांपैकी ते एक असून १६ ऑक्टोबर १९६६ ला लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. जपानच्या, केनियाच्या, ब्राझीलच्या मुली तिथे येऊन राहतात आणि पुण्यातल्या कित्येक शाळांना मात्र त्याचा पत्ता नसतो. तुमच्या पथकातल्या मुलींना तिथे घेऊन जा.

हे काम फुकट करायचं असतं, म्हणून ते करणाऱ्याला काय मिळतं, असा प्रश्न येतो. मी त्याचं मोठं उत्तर देणार नाही. घरच्यांचे शनिवार जातात, कधी पालकांशी वाद होतात, कधी पावसात भिजलेले तंबू गच्चीवर वाळवत रविवार जातो. तरीही वर्षभर ज्याने तोंड उघडलं नाही तो मुलगा एक दिवस संघापुढे उभा राहून “उद्या सकाळी सहाला, पाण्याच्या बाटल्या भरून या” असं सांगतो आणि सगळे येतात. ते पाहायला मिळतं. मला ते पुष्कळ आहे.

मुलं आजही तयार आहेत. कोणत्याही शाळेच्या पटांगणात जाऊन विचारा, रात्री तंबूत राहायला कोण येणार, आणि वर झालेले हात मोजा. तोटा मोठ्या माणसांचा आहे. ब्रिटनसारख्या देशातही मुलं पथकात जागा मिळण्याची वाट पाहत थांबलेली असतात, कारण स्वयंसेवक पुरत नाहीत. आपल्याकडे सगळा भार शिक्षकांवर टाकून समाज मोकळा झाला आहे. शाळेच्या पथकाला बाहेरून हात द्यायला कुणाची बंदी नाही. वैद्य असाल तर प्रथमोपचार शिकवा, सुतार असाल तर गाठी आणि टेकू शिकवा, डोंगर चढत असाल तर वाट दाखवा. शिक्षकांनीही अशा माणसाला दारात अडवू नये.

वाचकांना माझी विनंती अशी आहे. हे पुस्तक वाचून पुरं होण्याची वाट पाहू नका. महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत भारत स्काऊट्स आणि गाईड्सची कार्यालयं आहेत. आपल्या जिल्ह्याच्या कार्यालयात जा आणि पुढचा बेसिक कोर्स कधी आहे ते विचारा. घराजवळच्या शाळेत पथक असेल तर तिथल्या शिक्षकांना भेटा आणि त्यांना कोणती मदत हवी ते विचारा. जाताना सोबत ओळखीचं आणखी एक माणूस घेऊन जा, कारण पथकाला किमान दोन लागतात.